वर्गणी, भाडं की तिकीट?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २३ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत सुरू झाला, तेव्हा त्याची महिन्याची फी होती १४.९९ डॉलर. वीस वर्षांनी, २०२४च्या नोव्हेंबरात त्याचा वाढदिवस साजरा झाला, तेव्हाही फी १४.९९ डॉलरच होती. अमेरिकेतली महागाई धरली तर २००४चे पंधरा डॉलर म्हणजे २०२४चे जवळपास पंचवीस. घरभाडं वाढलं, दूध वाढलं, सिनेमाचं तिकीट वाढलं, आणि लाखो माणसं ज्यात वावरतात त्या एका अवाढव्य जगाची फी जागची हलली नाही. ऐकताना ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या फायद्याची वाटते. ती तशी नाही, आणि ती तशी का नाही हे कळलं की ऑनलाइन गेमसाठी दर महिन्याला पैसे देणं रास्त आहे का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती येतं.

पैसे देण्यासाठी मराठीत असलेले तीन शब्द इथे उपयोगी पडतात. तिकीट काढलं की एक खेळ बघायला मिळतो आणि पडदा पडला की व्यवहार संपतो. भाडं भरलं की दुसऱ्याच्या मालकीची जागा महिनाभर आपली. वर्गणीची गोष्ट वेगळी. एखाद्या महिन्यात एकही पुस्तक नेलं नाही तरी वाचनालयाची वर्गणी आपण भरतो, कारण वाचनालय उघडं राहायला हवं असतं. ते उघडं राहण्यात आपला वाटा असतो, तसाच शेजारच्या टेबलावर पेपर वाचत बसलेल्या माणसाचाही. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमची, म्हणजे एखादं पात्र होऊन इतरांसोबत एकाच जगात खेळायच्या गेमची, फी या तिघांपैकी काय आहे, यावर ती रास्त की नाही हे ठरतं. माझं मत आधीच सांगतो. ती वर्गणी असेल तर द्यावी, महाग वाटली तरी द्यावी. नुसतं भाडं असेल तर एखाददुसऱ्या महिन्यापलीकडे देऊ नये. आणि तिकीटच काढायचं असेल तर एकदाच पैसे देऊन एकट्याने खेळायचा चांगला गेम घ्यावा, तसे गेम भरपूर आहेत.

एकट्याने खेळायचा गेम आपल्या कॉम्प्युटरवर चालतो, विजेचं बिलही आपलंच. ऑनलाइन जगात आपल्याकडे असतं ते फक्त चित्र. तलवार, सोनं, राक्षस, सगळं कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर असतं. ओल्ड स्कूल रूनस्केप या गेमचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला साऱ्या जगाचा हिशेब करतो: कोण कुठे सरकलं, कुणाचा वार बसला, कुणाच्या पिशवीत काय आलं. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये हा ठोका एका सेकंदाचा आहे. तिथे एकाच ठिकाणी हजारो जहाजं लढायला आली की सर्व्हर त्या जागेपुरता काळच संथ करतो, मूळ वेगाच्या थेट दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे कुणाचीच आज्ञा गाळली जाऊ नये. रात्री तीन वाजता, एखाद्या गावात एकही खेळाडू नसताना, हे सगळं चालू असतं.

यंत्रांपेक्षा माणसांचा खर्च जास्त. सोनं खणून विकणारे बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणारे प्रोग्राम, रोज नवे येतात, त्यांना रोज शोधावं लागतं. कुणाचं खातं चोरीला जातं, ते परत मिळवून द्यावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वस्तू दुप्पट होण्याची चूक. दोन खेळाडू देवाणघेवाण करतात आणि नेमक्या त्या क्षणी सर्व्हर कोसळतो. घेणाऱ्याची नोंद जतन झालेली असते, देणाऱ्याची नसते. सर्व्हर परत उभा राहतो तेव्हा एकच तलवार दोघांकडे असते. हे एकदा जमलं की लोक मुद्दाम करतात, बाजारात माल दुप्पट-चौपट होतो, प्रामाणिकपणे महिनाभर खपून मिळवलेल्या वस्तूला किंमत उरत नाही. मग कंपनीला एक तर सगळं जग काही तास मागे न्यावं लागतं किंवा एकेका नोंदीचा माग काढत खोट्या वस्तू पुसाव्या लागतात. दोन्हींत निरपराध माणसं भरडली जातात. अशा चुका होऊ नयेत म्हणून रात्रपाळी करणारी माणसं कुणाला दिसत नाहीत, पण फीमधला मोठा वाटा त्यांचा असतो.

इथपर्यंत वाचून फी आपोआप पटेल, पण इतकं सोपं नाही. सर्व्हर आणि माणसं फीशिवायही पोसता येतात. गिल्ड वॉर्स २००५मध्ये आला आणि त्याला महिन्याची फी नव्हती. त्यात गावं सगळ्यांची सामाईक होती, पण वेशीबाहेर पडलं की प्रत्येक टोळीला जगाची स्वतःची प्रत मिळे, त्यामुळे भार हलका राही. त्याचा दुसरा भाग २०१२मध्ये आला. त्यात जग खरोखर सामाईक आहे आणि तरीही फी नाही, तो दुकानातल्या विक्रीवर आणि नव्या भागांच्या किमतीवर चालतो. तेव्हा ‘सर्व्हरचा खर्च असतो हो’ हे फीचं समर्थन पुरेसं नाही. खर्च सगळीकडे आहे. तो कुठल्या मीटरने वसूल होतो, आणि ते मीटर गेमला कुठे वाकवतं, हे बघायला हवं.

सुरुवातीचं मीटर तासाचं होतं. अमेरिका ऑनलाइन या सेवेवर १९९१ ते १९९७ या काळात नेव्हरविंटर नाइट्स हा गेम चालायचा, त्याला सुरुवातीला तासाला सहा डॉलर पडत. खेळाडू घड्याळाकडे बघत खेळे आणि कंपनीला तो जितका रेंगाळेल तितकं बरं. सप्टेंबर १९९७मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला, महिन्याला ९.९५ डॉलर, कितीही खेळा. पुढे जे मोठे गेम आले त्यांनी हीच चाल धरली. चीनमध्ये मात्र तासाचं मीटर बराच काळ टिकलं. तिथे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं कार्ड तीस युआनला मिळे आणि त्यात ४,००० मिनिटं असत, म्हणजे ६६ तास ४० मिनिटं. ज्याला आठवड्यातून दोनच संध्याकाळी मोकळ्या मिळतात, त्याला हे कार्ड महिन्याच्या फीपेक्षा कितीतरी न्याय्य होतं. २०१६मध्ये तेही जाऊन महिन्याला ७५ युआन झालं.

महिन्याचं मीटर गेमला कसं घडवतं, याचा एक नमुना मला फार आवडतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये धर्मशाळेत किंवा शहरात कॅरेक्टर, म्हणजे आपलं पात्र, ठेवून लॉगआउट केलं की ते ‘विश्रांत’ होतं. दर आठ तासांना एका लेव्हलच्या पाच टक्के एवढी विश्रांती साठते, आणि साठा दीड लेव्हलला थांबतो. तिथवर पोचायला बरोबर दहा दिवस लागतात. ही विश्रांती असेपर्यंत शत्रू मारल्यावर मिळणारे, लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण दुप्पट मिळतात. याचा अर्थ असा की कंपनी खेळाडूला सांगत होती, जा, झोप, कामावर जा, चार दिवसांनी ये, तुझं नुकसान होणार नाही. तासावर पैसे घेणाऱ्याला हे सांगता आलं नसतं. ज्याची फी महिन्याला ठरलेली आहे, त्याला खेळाडू थकून गेम सोडण्यापेक्षा आरामात वर्षभर राहणं परवडतं.

याच मीटरची वाईट बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वर्षभर राहावं म्हणून खेळायला असलेलं साहित्य ताणलं जातं. रेडमधला, म्हणजे मोठ्या टोळीने मिळून लढायच्या मोहिमेतला, बॉस (मुख्य शत्रू) आठवड्यातून एकदाच लूट देतो. रोजची कामं येतात: दहा रानडुकरं मारा, पाच पेट्या उचला, उद्या परत तेच. एखाद्या गटाकडे आपली पत वाढवायची तर दिवसाला ठरावीक इतकीच वाढते, महिना गेल्याशिवाय बक्षीस नाही. ही ओढाताण ओळखायची एक साधी खूण आहे. नवा पॅच, म्हणजे गेममधली नवी भर, आल्यावर त्यातलं महत्त्वाचं सगळं दोन-तीन आठवड्यांत पाहून होतं का? होत असेल तर गेम प्रामाणिक आहे. केवळ तारीख उलटायची वाट बघत लॉगिन करावं लागत असेल, तर आपण भाडं भरतो आहोत.

फुकट गेमचं मीटर तिसरंच. तिथे पैसे दुकानातून येतात, म्हणून गेममध्ये कुठेतरी काटा रुतलेला ठेवावा लागतो आणि तो काढायचे पैसे घ्यावे लागतात. हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते फीवर सुरू होऊन फुकट झालेल्या गेममध्ये. स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक डिसेंबर २०११मध्ये फीवर सुरू झाला. त्यातल्या आठ वर्गांच्या, म्हणजे पात्राच्या आठ प्रकारांच्या, आठ कथा अप्रतिम होत्या, पण कथा संपते. लोक महिन्या-दोन महिन्यांत त्या संपवून गेले आणि नोव्हेंबर २०१२मध्ये गेम फुकट करावा लागला. फुकट खेळणाऱ्याला तेव्हा स्क्रीनवर कौशल्यांच्या बटनांच्या दोनच पट्ट्या मिळत, जास्त हव्या तर विकत घ्या. पन्नासाव्या लेव्हलच्या कॅरेक्टरकडे जितकी कौशल्यं असत, तितकी त्या दोन पट्ट्यांत मावत नसत. खोलीचं भाडं माफ केलं आणि दिव्याच्या बटनाचे पैसे लावले, असा तो प्रकार.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन एप्रिल २०१४मध्ये आला, मार्च २०१५मध्ये त्याने सक्तीची फी काढली. ऐच्छिक सदस्यत्व ठेवलं आणि त्याच्या जोडीला पुढे आली ती सामानाची अमर्याद पिशवी. ज्याने हा गेम खेळला नाही त्याला या पिशवीचं महत्त्व कळणार नाही. कातडं, लोखंड, लाकूड, कापड, जडीबुटी, स्वयंपाकाचे जिन्नस, जादूचे दगड, प्रत्येकाचे दर्जे वेगवेगळे, आणि साधी पोतडी तासाभराच्या भटकंतीत भरते. मग खेळायचं सोडून पोतडी आवरत बसावं लागतं. सदस्य झालं की हे सगळं त्या पिशवीत आपोआप जातं. सदस्यत्व संपलं की पिशवीतून काढता येतं, घालता येत नाही. ज्याने एकदा महिनाभर ती वापरली त्याला पुन्हा मागे जाणं फार जड जातं, आणि हे ठरवणाऱ्यांना ते नीट ठाऊक आहे. माझा सल्ला असा की वस्तू बनवण्यात रस नसेल तर सदस्यत्व घेऊच नये. असेल तर वर्षातून दोनदा एकेक महिना घ्यावं, त्या महिन्यात गोळा करायचं ते करून घ्यावं आणि बाकीचे दहा महिने पिशवीतून काढत राहावं.

आता त्या न हललेल्या १४.९९ डॉलरकडे येता येईल. फी वाढवली तर लोक ओरडतील या भीतीने बहुधा ती वाढवली गेली नाही, पण माणसांचे पगार वाढतच होते. फरक दुसरीकडून भरून निघाला. एप्रिल २०१०मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या दुकानात २५ डॉलरचा चकाकता घोडा आला. एप्रिल २०१५मध्ये टोकन आलं: एकाने ते २० डॉलरला विकत घ्यायचं, गेममधल्या बाजारात सोन्याला विकायचं, आणि दुसऱ्याने ते सोनं देऊन महिनाभराचा खेळ मिळवायचा. म्हणजे पंधरा डॉलरच्या महिन्याचे कंपनीला वीस मिळू लागले. ऑक्टोबर २०२४मध्ये ९० डॉलरचं एक स्वारीचं जनावर विक्रीला आलं, त्याच्या पाठीवर लिलावघर आणि टपालपेटी होती. हे नुसतं सजावटीचं राहिलं नाही. ज्याच्याकडे ते आहे त्याला गावात परत जावं लागत नाही. फी भरणाऱ्या माणसाला पुन्हा काटा काढायचे पैसे मागितले जाऊ लागले की वर्गणीचा करार तिथे मोडतो, असं मला मनापासून वाटतं. ईव्ह ऑनलाइनने मे २०२२मध्ये फी १४.९५वरून १९.९९ डॉलर केली तेव्हा खेळाडू फार चिडले. त्या गेमचंही दुकान आहे, तेव्हा तो काही आदर्श नव्हे. तरी उघडपणे वाढवलेली फी मला गुपचूप वाढवलेल्या दुकानापेक्षा बरी वाटते.

वर्गणीच्या सगळ्यात जवळ जाणारा व्यवहार मला ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये दिसतो. फेब्रुवारी २०१३मध्ये सुरू झालेल्या या गेममध्ये महत्त्वाचं काही नवं घालायचं असेल तर सहसा सदस्यांचं मतदान होतं. आधी ७५ टक्के मतं लागत, २०२२पासून ७० टक्के. चांगले म्हणवणारे कितीतरी प्रस्ताव तिथे पडले आहेत. दुकानात पोशाख नाहीत, शस्त्रं नाहीत. आहे तो एक बाँड, ज्याचं चौदा दिवसांचं सदस्यत्व होतं आणि जो सोनं देऊनही मिळतो. वर्गणी भरणाऱ्याला सभेत मत असतं, हे वाचनालयाच्या कुठल्याही सभासदाला सांगावं लागत नाही. गेमच्या जगात मात्र ते दुर्मीळ आहे.

फायनल फॅन्टसी १४ची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण नव्याने सुरुवात करणाऱ्याला हाच गेम बहुतेक वेळा सुचवला जातो. सप्टेंबर २०१०मध्ये तो इतक्या वाईट अवस्थेत बाहेर पडला की कंपनीने बराच काळ फीच घेतली नाही. डिसेंबर २०१०मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं आली. त्यांनी जुना गेम चालू ठेवत नवा बांधायला घेतला, नोव्हेंबर २०१२मध्ये जुने सर्व्हर बंद केले आणि २७ ऑगस्ट २०१३ला नवा गेम आणला. पुढे डिसेंबर २०२१मध्ये एंडवॉकर हा भाग आल्यावर सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की तासन्‌तास रांगेत थांबावं लागे. तेव्हा कंपनीने फी चालू असलेल्या खेळाडूंना एकूण २१ दिवस मोफत दिले आणि महिन्याहून अधिक काळ गेमची नवी विक्रीच थांबवली. फी घेतो म्हणजे जागा देणं लागतो, हे तिथे कळत होतं.

या गेमची मोफत चाचणी लेव्हल ७०पर्यंत आहे आणि तिला दिवसांची मर्यादा नाही. मूळ कथा आणि पुढचे दोन भाग त्यात येतात, ते सहज दोनशे-तीनशे तासांचं काम आहे. बंधनं अशी: तीन लाखांपेक्षा जास्त गिल (या गेममधलं चलन) बाळगता येत नाही, बाजारात खरेदी-विक्री नाही, गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, जाता येत नाही, स्वतः टोळी काढता येत नाही, कुणाला खासगी निरोप पाठवता येत नाही. घाई करून गेम विकत घेणारे इथेच फसतात, कारण एकदा पूर्ण खातं केलं की त्याच खात्यावर मोफत चाचणीत परतता येत नाही. सवलत दिसली म्हणून मध्येच गेम घेतला की उरलेली सगळी मोफत कथा फी भरून पाहावी लागते. चाचणी पूर्ण संपवावी, मगच घ्यावा. घेताना स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घ्यायचा की कंपनीच्या दुकानातून हेही आधी ठरवावं, कारण स्टीमवर मूळ गेम घेतला तर पुढचे सगळे भागही स्टीमवरच घ्यावे लागतात. विकत घेतल्यावर पहिले तीस दिवस किमतीतच मिळतात. पुढे फी भरताना १२.९९ डॉलरचा लहान पर्याय पुरतो. त्यात प्रत्येक सर्व्हरवर एकच कॅरेक्टर करता येतं, पण या गेममध्ये एकच कॅरेक्टर सगळे व्यवसाय शिकतं, तेव्हा दुसऱ्याची गरजच पडत नाही.

योशिदांनी अनेकदा जाहीरपणे म्हटलं आहे की पॅचमधलं सगळं झालं की खुशाल फी थांबवा, दुसरे गेम खेळा, नवा पॅच आला की या. पॅच साधारण चार महिन्यांनी येतो. या सल्ल्याप्रमाणे वागलं तर वर्षात तीन-चार महिन्यांची फी पुरते. पण याच गेममध्ये घरं आहेत, ती मोजकी आहेत, सोडतीने मिळतात, आणि ४५ दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर घर आपोआप पाडलं जातं. भिंतीवरच्या चित्रापासून अंगणातल्या झाडापर्यंत जे जिवाच्या आकांताने जमवलं, ते वाचवायला लोक वर्षानुवर्षं, एक दिवसही न खेळता, फी भरत राहतात. इतक्या चांगल्या गेममधली ही मला सर्वात खटकणारी गोष्ट. घराचा मोह झाला तर आधी स्वतःला विचारावं की दर दीड महिन्याला एकदा तरी येणं पुढची दोन वर्षं जमणार आहे का. नाहीतर अपार्टमेंट घ्यावं, ते छोटं असतं पण पाडलं जात नाही.

भारतातून खेळणाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा. फायनल फॅन्टसी १४चे सर्व्हर जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनियात आहेत, भारतात नाहीत. प्रकाश काचेच्या तारेतून हजार किलोमीटर जायला पाच मिलिसेकंद घेतो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा. समुद्रातल्या तारा सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, त्याच्या दुप्पट किंवा अधिक येतो. कथा खेळायला हे चालतं. पण या गेममध्ये मोठ्या वारांमध्ये अडीच सेकंदांचं अंतर असतं आणि चांगले खेळाडू त्या फटीत दोन छोटे वार बसवतात. पिंग दोनशेच्या वर गेला की दुसरा छोटा वार उशिरा सुटतो आणि पुढचा मोठा वार मागे सरकतो. दहा मिनिटांच्या लढाईत हे साचत जातं. शिवाय बॉसच्या हल्ल्यात आपण सापडलो की नाही हे सर्व्हरच्या घड्याळाने ठरतं. आपल्या स्क्रीनवर आपण वर्तुळाबाहेर असतो आणि तरी मार बसतो. वायफाय सोडून तार जोडावी, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी आठवडाभर पिंग मोजावा, आणि तो दीडशेच्या आत स्थिर असेल तरच कठीण रेडच्या नादी लागावं. आकडा मोठा असण्यापेक्षा तो उड्या मारत असणं जास्त त्रासाचं.

वेळेचा घोळ पिंगपेक्षा मोठा. युरोपातली टोळी त्यांच्या रात्री आठला जमते, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. जपानचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, त्या वेळी पुणे-मुंबईतला नोकरदार लोकलमध्ये किंवा सिग्नलला असतो. न्यूयॉर्कचे उन्हाळ्यातले रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. लंडन, न्यू जर्सी आणि ठाणे इथे विखुरलेल्या तीन मित्रांना एका टोळीत खेळायचं असेल तर शनिवारी आपली संध्याकाळ, लंडनची दुपार आणि अमेरिकेतली सकाळ हा एकच मार्ग उरतो. तो आधी ठरवून मग सर्व्हर निवडावा. उलट क्रमाने केलं की तीन महिन्यांत फी चालू आणि खेळ बंद, अशी गत होते.

पैसे भरण्याचं तंत्रही समजून घ्यावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून आपोआप जाणारा हप्ता आधी ओटीपीने नोंदवावा लागतो, आणि दर वेळी पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी बँकेने कळवावं लागतं. परदेशी विक्रेत्याने ही व्यवस्था केली नसेल तर हप्ता नुसता नाकारला जातो आणि रेडच्या दिवशी खातं बंद सापडतं. त्यापेक्षा ३० किंवा ६० दिवसांचा वेळ एकरकमी विकत घेणं सोपं. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू केले आहेत ना, तेही बघावं, २०२०पासून नवीन कार्डांवर ते मुळात बंद असतात. किमतीचं म्हणाल तर डॉलर ८५ रुपये धरून १४.९९ डॉलरचे १,२७४ रुपये होतात. बँकेने परकीय चलनाचे साडेतीन टक्के घेतले तर ४५ रुपये, त्यावर जीएसटीचे ८, एकूण १,३२७. पैसे लावून खेळायच्या गेमवर २०२५च्या कायद्याने बंदी आली, त्याची धास्ती इथे बाळगायचं कारण नाही. प्रवेशाची किंवा सदस्यत्वाची फी, ती पैज नसेल तोवर, त्या कायद्याला चालते.

सहा महिन्यांच्या योजनेचा मोह मात्र टाळावा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा अमेरिकेतला दर सहा महिन्यांना एकदम भरले तर महिना १२.९९ डॉलर, म्हणजे ७७.९४. सुटे सहा महिने ८९.९४ला पडतात. बारा डॉलर वाचले असं वाटतं. पण सहातला एक महिना जरी सोडला तर सुटे पाच महिने ७४.९५ला मिळतात, म्हणजे योजना तीन डॉलरने महाग. परीक्षा, लग्नसराई, गणपती, दिवाळी, ऑफिसमधला मार्च, यांतला एखादा महिना प्रत्येक सहामाहीत जातोच. सुटा महिना घ्यावा आणि घेतल्याच्या मिनिटाला पुढचं आपोआप नूतनीकरण बंद करावं. भरलेले तीस दिवस तरीही पुरे मिळतात.

सोनं कमावून फी भरायचा मार्ग ज्यांना आकर्षक वाटतो, त्यांनी एकदा पाटीवर हिशेब करावा. टोकनला लागणारं सोनं भागिले आपण तासाला कमावतो ते सोनं, इतके तास दर महिन्याला जाणार. ते पाचच्या आत असतील तर ठीक. वीस तास लागत असतील तर तो खेळ राहिला नाही, तासाला साठ-सत्तर रुपये देणारी नोकरी झाली, आणि ती दमवून शेवटी गेमच सोडायला लावते.

आतापर्यंत सगळा हिशेब पैशांचा झाला. तासाला किती रुपये पडले हा नेहमीचा हिशेब मी मुद्दाम केला नाही, कारण त्या मापाने सगळ्यात कंटाळवाणा गेम सगळ्यात स्वस्त ठरतो. मोजायचं तर ठरलेल्या संध्याकाळी मोजाव्यात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सर्वात कठीण रेडला बरोबर वीस माणसं लागतात. वीस जण रोज मोकळे नसतात, म्हणून गिल्ड बावीस-पंचवीस जणांची यादी ठेवते. बुधवार आणि रविवार, ठरलेली वेळ. टँकचा, म्हणजे शत्रूचे वार अंगावर झेलणाऱ्याचा, मुलगा आजारी पडला तर दुसरा ढाल उचलतो. जखमा भरणाऱ्या हीलरची फी संपली असेल तर एकोणीस जण खोळंबतात, आणि कुणीतरी न बोलता तिच्या खात्यावर महिना भरतं. बॉस चाळीस वेळा सगळ्यांना मारतो आणि एक्केचाळिसाव्या वेळी पडतो. या संध्याकाळी महिन्यात सहा-आठ होत असतील तर फीबद्दल दुसरा विचार करू नये. एकही होत नसेल तर ती लगेच थांबवावी, गेम कितीही सुंदर असो.

अशा जागांमध्ये काय घडू शकतं याची कल्पना २७ जानेवारी २०१४ला आली. ईव्ह ऑनलाइनमधल्या बी-आर-५-आर-बी या ताऱ्याभोवतीचा प्रदेश ज्यांच्या ताब्यात होता, त्यांचा गेममधलाच ताबेदारीचा हप्ता वेळेवर भरला गेला नाही. प्रदेश बेवारस झाला, शत्रू घुसला, दोन्हीकडून जगभरच्या माणसांना उठवलं गेलं. सुमारे २१ तास लढाई चालली, साडेसात हजारांवर खेळाडू उतरले, ७५ टायटन जहाजं नष्ट झाली. एकेक टायटन बांधायला गटांना महिनोन्‌महिने लागतात. गेममधल्या चलनाची डॉलरमधली किंमत धरली तर नुकसान तीन लाखांच्या वर गेलं. दहा वर्षं एकाच सर्व्हरवर, एकमेकांची भांडणं आणि उपकार लक्षात ठेवत माणसं राहिली होती, म्हणून ही लढाई होऊ शकली.

आणि जागा बंद होते तेव्हा? सिटी ऑफ हीरोज २००४च्या एप्रिलमध्ये, महिना १४.९९ डॉलरवर सुरू झाला. २०११मध्ये अर्धा फुकट झाला, आणि ३० नोव्हेंबर २०१२ला कंपनीने तो बंद केला. फी भरायला तयार असलेली माणसं शेवटच्या रात्री शहराच्या चौकात उभी होती. पैसे देऊनही जागा आपली नव्हती, ते भाडंच होतं, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं. २०१९मध्ये त्या गेमचा सर्व्हर चाहत्यांच्या हाती आला आणि होमकमिंग नावाने तो पुन्हा उभा राहिला. जानेवारी २०२४मध्ये मूळ कंपनीने त्याला रीतसर परवाना दिला. तिथे फी नाही, दुकान नाही. चालवणारे दर महिन्याला सर्व्हरचा खर्च जाहीर करतात, तेवढ्या रकमेसाठी देणगीची खिडकी उघडतात, आणि रक्कम जमली की ती बंद करतात. उशिरा आलेल्याला त्या महिन्यात पैसे देताच येत नाहीत, त्याने पुढच्या महिन्यात लवकर यायचं.